देवाची सळई

बीम मोडत नव्हता आणि मी रडकुंडीला आले होते.

“अजून थोडा दाब वाढवा, शेटे,” किल्लेदार सर म्हणाले.

मी जॅकच्या दांड्यावर अक्षरशः लोंबकळले. तेव्हा माझं वजन बेचाळीस किलो होतं, त्यामुळे लोंबकळण्याचा फारसा उपयोग नव्हता, पण काटा जरा पुढे सरकला. बीमचं टोक खाली गेलं. मी, सर आणि महिपतकाका, तिघेही एका वीतभर पट्ट्याकडे डोळे लावून उभे होतो. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथून चार बोटं अलीकडे, पांढऱ्या चुन्यावर मी गेरूने तो पट्टा रंगवला होता. तडा तिथे पडायचा होता. तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही. दोन वर्षं माझी शिष्यवृत्ती याच एका वाक्यावर चालली होती.

टच्‌ असा आवाज आला.

“मोडला!” मी ओरडले.

“मोडला,” सर म्हणाले, “पण बीम नाही.”

तडा कॉलमला गेला होता, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, चांगला बोट जाईल एवढा. आणि माझा गेरूचा पट्टा मात्र जसाच्या तसा. त्याला ओरखडासुद्धा नाही.

“वा!” मागून महिपतकाकांचा आवाज आला. “बीम कसा ऱ्हायला बगा. वाघ हाय वाघ!”

मला त्या वाघाला तिथेच गोळी घालावीशी वाटली.

हा उलटा कारभार काय होता ते सांगते. भूकंपात इमारत हलते तेव्हा बीम आणि कॉलम जिथे भेटतात तिथे सगळ्यात जास्त मार बसतो. इमारत पडली नाही तरी आतून इतकी खिळखिळी होते, की दुरुस्त करण्यापेक्षा पाडलेली परवडते. माझं म्हणणं एवढंच होतं, की कुठे मोडायचं ते आपणच आधी ठरवून ठेवू. बीमच्या टोकाशी वीतभर जागा मुद्दाम हलकी ठेवायची. तिथल्या चार सळया, दोन वर आणि दोन खाली, लेथवर कातून कंबरेत बारीक करायच्या आणि दोन्ही टोकांना आटे पाडून नळीने जोडायच्या. भूकंप आला की सगळा मार त्या वीतभर जागेला. बाकी बीम शाबूत, कॉलम शाबूत. मग ती जागा फोडा, बारीक सळया फिरवून काढा, नव्या बसवा, झटपट घट्ट होणारं सिमेंट भरा, की झालं काम. घरातला फ्यूज असतो ना, तसं. फ्यूज उडतो म्हणून पंखा वाचतो.

हे २००३ सालच्या फेब्रुवारीतलं. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज कराडच्या बाजूला. सोमवारी अकरा वाजता सरकारी कमिटी येणार होती. कोयना खोऱ्यात सहा शाळा नव्याने बांधायच्या होत्या आणि माझा बीम ठरवलेल्या जागी मोडून, दुरुस्त होऊन दाखवला तर त्या सहाही शाळा तशा बांधायच्या, असं ठरत आलं होतं. नाही दाखवला तर जुनाच नकाशा मंजूर. कमिटी एकदाच येणार होती. साहेब लोकांना कराडला दुसऱ्यांदा आणणं म्हणजे काय असतं, ते ज्याने आणलंय त्यालाच ठाऊक. माझी एम.ई.ची पदवीही त्याच बीमला टांगलेली होती, पण खरं सांगायचं तर पदवीपेक्षा मला त्या शाळा हव्या होत्या. कुणीतरी आपली कल्पना खरोखर बांधतंय, हे चोविसाव्या वर्षी फार मोठं वाटतं. नंतरही वाटतंच.

नमुने आम्ही दोन केले होते. एक शनिवारच्या रंगीत तालमीसाठी, दुसरा सोमवारसाठी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हाताने बांधलेले.

तो हात महिपतकाकांचा. प्रयोगशाळेत सळया वाकवायचं आणि बांधायचं काम वीस वर्षं तेच करत. वय अठ्ठावन्न, डोक्याला पांढरी टोपी, कानावर बायंडिंग वायरचा आकडा. गाव पाटणच्या वर, खोऱ्यात. तिकडच्या माणसांना धक्क्यांचं काही वाटत नाही. चहा पिताना कप हलला की काका बशी टेकवून म्हणायचे, “तीन पॉइंट एक.” संध्याकाळी बातमी यायची, तीन पॉइंट दोन. “बशीत थोडा चा ऱ्हायला हुता, म्हणून चुकलो,” असं त्यांचं स्पष्टीकरण. सहांतली पहिली शाळा त्यांच्याच गावाला मिळणार होती.

“फोडा,” सर म्हणाले.

“काय?”

“तो पट्टा फोडा. आत काय आहे ते बघू.”

मी छिन्नी-हातोडा घेतला. काका पुढे झाले, “ताई, द्या हिकडं,” पण मी दिला नाही. रागाने मला जरा बळ आलं होतं. वरचा थर निघाला तशा कातलेल्या दोन सळया दिसल्या, कंबरेत बारीक, मी नकाशात काढल्या तशाच. आणि त्यांच्यामध्ये, बायंडिंग वायरने नीट आवळून, एक तिसरी सळई. जाडजूड, अखंड, लेथ न पाहिलेली. मी खालची बाजू फोडली. तिथेही तिसरी.

मी पुन्हा मोजलं. मोजून तीनाचे दोन होत नव्हते.

“ही कुठून आली?”

“द्येवाची हाय ती,” महिपतकाका म्हणाले.

“कुणाची?”

“द्येवाची सळी. म्या परत्येक बीमात घालतो. नकाशात असत्यात तेवढ्या नकाशाच्या, वर एक द्येवाची. मालकाकडनं मागत न्हाय, तुकडं उरल्यालं असत्यात त्यातली घालतो.” मग माझ्या तोंडाकडे बघून समजावल्यासारखं म्हणाले, “आन्‌ हितं तर लई गरज हुती, ताई. त्या लेथवाल्यानं तुमास्नी फशिवलंया. सळ्या मधीच खाल्ल्यात त्यानं. म्या बघितलं आन्‌ म्हनलं, पोरीला सांगितलं तर रडत बसंल. म्हणून गपचिप वर एक, खाली एक घातली.”

“काका, त्या मीच बारीक करायला सांगितल्या होत्या!”

“तुमी?”

“मी तुम्हाला सांगितलं होतं!”

“तुमी म्हनला, काका, ही जागा नाजूक हाय, हिला सांभाळा.” त्यांनी हात पसरले. “म्या सांभाळली.”

बोलले होते मी तसं. शब्दन्‌ शब्द तसाच बोलले होते. त्याआधी पाच मिनिटं त्यांना इंग्रजी शब्दांनी भरलेलं एक व्याख्यानही दिलं होतं आणि ते अधूनमधून “व्हय, व्हय” म्हणाले होते. आमच्याकडे मोठी माणसं “व्हय” म्हणतात ते कळलं म्हणून नव्हे, समोरच्याचा उत्साह मोडू नये म्हणून. हे मला, इस्लामपुरात वाढलेल्या मुलीला, ठाऊक असायला हवं होतं.

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सर कधी चिडत नसत, चष्मा पुसत. तो जितका वेळ पुसत तितका आमचा गुन्हा मोठा.

“काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर सही कुणाची आहे, शेटे?”

“माझी.”

“सळया मोजल्या होत्या?”

मी हातातली छिन्नी खाली ठेवली.

“मोजल्या होत्या का?”

“त्या दिवशी कॅन्टीनला मिसळ होती, सर.”

चष्मा बराच वेळ पुसला गेला.

मला एकदम दुसरा नमुना आठवला. तो कोपऱ्यात गोणपाटाखाली सोमवारची वाट बघत निवांत उभा होता.

“काका, त्याच्यातही?”

“त्येच्यात न घालून कसं चालंल?” काका जरा दुखावलेच. “दोन लेकरांत भेद करायचा व्हय?”

मी खाली बसले. सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि रडले, सरळ भोकाड पसरून. नवा नमुना करायचा तर काँक्रीट पिकायलाच अठ्ठावीस दिवस. आमच्याकडे अठ्ठेचाळीस तास. सगळं संपलं, सर, असं काहीतरी मी म्हणत होते. दोन वर्षं गेली, शाळा गेल्या, सगळं मिसळीत गेलं.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “शेटे, तुम्ही मला दोन वर्षं काय सांगताय?”

“काय?”

“की तुमचा बीम दुरुस्तीला फार सोपा आहे.”

मी नाक पुसायची थांबले.

“ती वीतभर जागा फोडायची, आतलं नको ते काढायचं, पुन्हा भरायचं. भूकंपानंतर हेच करणार होतात ना? मग भूकंपाआधी करा. तालमीच्या दुरुस्तीसाठी आणलेलं सिमेंट तसंच पडलंय. चोवीस तासांत घट्ट होतं असं पोत्यावर लिहिलंय. खरं लिहिलंय का तेही कळेल. मी जेवून येतो.” आणि सर खरंच जेवायला गेले. आता वाटतं, मुद्दाम गेले असावेत.

गोणपाट काढलं. फोडायचं काम आता काकांनीच घेतलं आणि मी मुकाट्याने दिलं, कारण पहिल्या बीमवर माझ्या दोन बोटांना फोड आले होते. त्यांचा हातोडा कसा पडायचा! कातलेल्या सळईला धक्का नाही, नळीला धक्का नाही, नको तेवढंच काँक्रीट खाली. तासाभरात जागा मोकळी झाली. मधल्या दोन जाड सळया उघड्या पडल्या. त्या इकडे कॉलममध्ये आणि तिकडे बीममध्ये रुतलेल्या, ओढून निघणार नव्हत्या. पण उघड्या भागात कापून वीतभर तुकडा काढला की पुरे होतं.

मी ग्राइंडर त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घेतला नाही.

“दुसऱ्या कुणाला तरी सांगा, ताई.”

“आज शनिवार आहे, काका. दुसरं कोण आहे इथे?”

“मग तुमी कापा.”

“मला जमणार नाही. कातलेल्या सळईला पातं लागलं तर संपलंच.”

“म्या द्येवाची सळी कापणार न्हाय.” ते टोपी काढून बाजूला बसले. “एकदा काढली ती काढली.”

मी घड्याळाकडे बघत होते. दीड वाजला होता. त्या वयात माणसाला घड्याळ आधी दिसतं, समोरचा चेहरा नंतर. ते बोलायला लागले तेव्हाही माझ्या मनात सिमेंटचेच तास चालले होते.

“सदुसष्ट साली माझं नवंच लगीन झाल्यालं,” ते म्हणाले. “एका बंगल्याची पडवी बांधत हुतो. बीमात पाच सळ्या. कंत्राटदार म्हनला, महिपती, चारनं भागतंय, एक काढ. कुणाला कळतंय? म्या काढली. सांगितल्यालं काम म्हणून काढली. धा रुपयं बी दिलं त्यानं, बायकूला चोळी घेतली. आन्‌ डिसेंबरात पहाटं भूकंप झाला.”

मी घड्याळावरची नजर काढली.

“तितं कामाला एक म्हातारी हुती. सोनाबाय. पडवीत निजायची. आमास्नी कवातरी ताक द्यायची.” त्यांनी टोपी झटकली, झटकण्यासारखं काही नसताना. “आता त्या एका सळीनं बीम तरला असता का न्हाय, कुणाला ठावं. लई मोटी बांधकामं पडली त्या दिवशी. पर काढली हुती ती म्याच. तवापास्नं परत्येक बीमात एक जास्तीची. एक काढली, त्येच्या बदल्यात किती घातल्या, म्या मोजल्या न्हाईत. द्येव मोजत आसंल.”

खरं तर इथे मी काहीतरी मायेचं बोलायला हवं होतं. आज बोलले असते. तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते असं:

“काका, ती सळई तुम्ही घरमालकाला न सांगता काढलीत आणि या कुणाला न सांगता घातल्यात. सांगितलं असतंत तर दोन्ही वेळा निभावलं असतं.”

बोलले आणि जीभ चावली. बापाच्या वयाचा माणूस. वीस वर्षं या प्रयोगशाळेत कुणी त्यांना अरे-तुरेसुद्धा केलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. उघड्या पडलेल्या त्या दोन सळयांकडे बघत होते.

“न सांगता,” ते म्हणाले. “व्हय. खरं हाय.”

मग उठले, टोपी घातली आणि ग्राइंडर घेतला.

ठिणग्या उडाल्या. वरचे दोन काप, खालचे दोन काप. तुकडे टणटण करत फरशीवर पडले. कातलेल्या सळयांना पात्याचा वाससुद्धा लागला नव्हता. मग आम्ही सिमेंट कालवलं, भरलं, दाबलं, ओलं फडकं गुंडाळलं. सर जेवून परतले तेव्हा चार वाजले होते. इतका वेळ जेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

सोमवारी अकराची कमिटी पावणेबाराला आली. पाच जण. मुख्य साहेबांचं आडनाव डोईफोडे. मोडतोड बघायला डोईफोडे येतात, यावर एरवी मला दोन दिवस हसू पुरलं असतं, पण त्या सकाळी नाही. रविवारभर एकच प्रश्न डोक्यात होता, की सांगायचं का. नव्या भरावावर चुना दिला होता, वर गेरूचा पट्टा, कुणाला काही कळलं नसतं. सरांना विचारलं तर म्हणाले, “बीम तुमचा, सही तुमची, तोंडही तुमचंच.” अशा वेळी या माणसाचा फार राग यायचा.

साहेब खुर्चीवर टेकले. मी सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

“साहेब, हा बीम परवा एकदा फोडून भरलेला आहे.”

डोईफोडे साहेबांच्या भुवया वर गेल्या. “का?”

“आत दोन सळया जास्त पडल्या होत्या. त्या असत्या तर तो इथे मोडला नसता, कॉलम मोडला असता. तालमीचा नमुना मागे आहे, तसाच मोडलाय. काँक्रीट ओतण्याआधी सळया मोजायचं काम माझं होतं आणि मी न मोजता सही केली.”

“आन्‌ घातल्या म्या,” मागून आवाज आला. काका पुढे येऊन उभे राहिले. “न इचारता घातल्या. काढल्या बी म्याच.”

कमिटीतले एक जण दुसऱ्याच्या कानाला लागले. साहेब उठले, तालमीच्या नमुन्याकडे गेले, कॉलमच्या तड्यात बोट घालून बघितलं. मग माझ्या बीमपाशी आले आणि गेरूच्या पट्ट्यावर नख मारलं.

“भरायला किती वेळ लागला?”

“फोडणं, कापणं, भरणं मिळून साडेतीन तास, साहेब.”

“कामाला माणसं किती?”

“दोन. त्यातली एक बिनकामाची होती.”

साहेब हसले नाहीत. “चालू करा,” म्हणाले.

मी दांडा धरला. या वेळी लोंबकळावं लागलं नाही. आठव्या दाबाला पट्ट्यावर केसासारखी रेघ उमटली. नवव्याला दुसरी. मग वर, मग खाली, पुन्हा वर, आणि गेरूचा पट्टा पापडासारखा उकलला. चुन्याचे पोपडे गळाले. त्या वीतभर जागेत मोडायचं तेवढं सगळं मोडलं आणि शेजारचा कॉलम पांढराशुभ्र. डोईफोडे साहेबांनी स्वतः बॅटरी मारून चारही बाजू बघितल्या. एक तडा सापडला नाही. मी रडले, हेही सांगून टाकते. त्या तीन दिवसांत मी एकंदर बरीच रडले.

दुपारी तीनपर्यंत काकांनी साहेबांसमोरच जागा फोडली, वाकलेल्या बारीक सळया फिरवून काढल्या, नव्या बसवल्या आणि सिमेंट भरलं. साहेबांनी घड्याळ लावून बघितलं. जाताना माझ्याशी नाही, काकांशी हात मिळवला. “सहाही शाळांवर सळया तुम्हीच बांधायच्या,” म्हणाले. काका म्हणाले, “मोजायला मातर कुणाला तरी बशिवा, सायेब.”

पेढे आले. सरांनी दोन खाल्ले, म्हणजे त्यांच्या मानाने धिंगाणाच. काका पेढा हातात धरून माझ्यापाशी आले.

“ताई, मग द्येवाची सळी घालायचीच न्हाय का आता?”

“घाला की. कॉलममध्ये घाला, काका. कॉलमला जास्त झालेली चालते. पण सांगून घाला.”

“कॉलमात.” त्यांनी मान हलवली. पेढा तसाच. “आन्‌ आजवर बीमात घातल्या त्येंचं काय?”

मी तोंडातला पेढा गिळला. दोन दिवस मी फक्त माझ्या बीमचा विचार केला होता. छत्तीस वर्षं, आधी पोटासाठी आणि कॉलेजात लागल्यावर सुट्टीच्या दिवशी, हा माणूस खोऱ्यात घरं बांधत होता.

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. पण दोन दिवसांपूर्वी मीच शहाणपणा शिकवला होता.

“काही ठिकाणी बरंच झालं असेल,” मी म्हणाले. “कंत्राटदाराने खाल्ली असेल तिथे तुमच्या सळईने भरून निघाली असेल. कॉलम जाड असतील तिथेही काही बिघडणार नाही. पण कॉलम बारीक असतील आणि बीम त्यांच्यापेक्षा ताकदवान झाला असेल, तर मोठा धक्का आल्यावर आधी कॉलम जाईल. त्या तालमीच्या नमुन्यासारखा.”

“कॉलम ग्येला म्हंजी?”

“कॉलम गेला म्हणजे घर बसतं, काका.”

त्यांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. मग म्हणाले, “आन्‌ एकाच बीमात दोन-दोन घातल्या असल्या तर?”

“दोन? दोन कुणाच्या घरात घातल्या?”

“लेकीच्या,” ते म्हणाले.

मी मोजपट्टी उचलली. सरांकडे बघितलं, तर ते हातोडी आणि बॅटरी आधीच माझ्या पिशवीत भरत होते. काकांच्या एम-एटी गाडीवर मागे बसून मी पाटणच्या वर निघाले, सकाळपासून पोटात एक पेढा.

आज मी पोटापाण्यासाठी जुन्या घरांचे कॉलम बळकट करते. बाहेरून नव्या सळया उभ्या करायच्या, काँक्रीटचं जाकीट चढवायचं. खोऱ्यात मला कॉलमवाली बाई म्हणतात. पुढे काही वर्षं सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याच एम-एटीवर घरोघर फिरलो. कुठल्या घराच्या कुठल्या बीमात काय घातलंय ते काकांना तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी फक्त काकांच्या लेकीचं, शालनचं घर होतं.

घर नेटकं होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे तुळस, ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडया. बीम भलेदांडगे आणि कॉलम नऊ इंची. मी दारातूनच बघितलं आणि मला बोलायची गरज पडली नाही, काकांनीही बघितलं होतं. हे घर त्यांनी शंभर वेळा बघितलं असेल. असं बघितलं नव्हतं.

शालन पदराला हात पुसत बाहेर आली. बापाचा चेहरा, माझ्या हातातली पट्टी आणि हातोडी, सगळं तिने एका नजरेत पाहिलं.

“आबा, काय झालं? ह्या बाई कोण? घरात काय खोट हाय व्हय?”

काकांनी ओट्यावरच्या कुरडया हलक्या हाताने बाजूला सारल्या, कॉलमपाशी जागा केली आणि त्यावर तळवा ठेवला.

“खोट न्हाय गं,” ते म्हणाले. “माया जास्त झालीया. ताई, हितनं मोजा.”